शेवटची पाळी कधी आली?

हे मी कुणासाठी लिहिते आहे ते आधी सांगते. धावणाऱ्या मुलींसाठी. त्यांच्या आयांसाठीही, पण आया हे वाचतील याची खात्री नाही, कारण या विषयाचं नाव काढलं की आमच्याकडे टीव्हीचा आवाज मोठा होतो.

माझं नाव नूतन. मी लांब पल्ल्याची धावपटू आहे. ‘होते’ असं लिहायला हात धजावत नाही. शाळेत क्रॉसकंट्री, मग दहा हजार मीटर, मग अर्धी मॅरेथॉन, मग पूर्ण. खेळाडू कोट्यातून नोकरी लागली. पेपरात फोटो आला तेव्हा विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीच्या वॉचमनने तो गेटवर चिकटवला होता. पुढे पाण्याने माझं तोंड पुसून गेलं तरी त्याने तो काढला नाही. आणि ऐन भरात असताना, सव्विसाव्या वर्षी, माझं खुब्याचं हाड मोडलं. कुणी धडक दिली नाही, मी खड्ड्यात पडले नाही. धावता धावता मोडलं.

आजारी माणसं म्हणतात, शरीराने दगा दिला. माझं शरीर बिचारं वर्षानुवर्षं ओरडून सांगत होतं. ज्यांना ते ऐकू येत होतं त्या माणसांबद्दल मला लिहायचं आहे.

सुटली

ताई म्हणजे आमच्या कोच, सुनंदाताई. स्वतः एके काळच्या नावाजलेल्या धावपटू. उजव्या पायाने किंचित लंगडायच्या. कर्वे रस्त्यावर स्कूटरचा अपघात झाला आणि धावणं संपलं असं त्या सांगायच्या, आणि सांगताना पुण्यातल्या रहदारीला अशी काही झोडपायच्या की आम्ही हसून लोळायचो. मी शाळेत असताना त्यांनी मला मैदानावर पाहिलं, घरी आल्या आणि बाबांना म्हणाल्या, “ही मुलगी मला द्या.” बाबा भोसरीला कारखान्यात होते. दारात एवढी मोठी खेळाडू आलेली, त्यांनी देऊन टाकली. तेव्हापासून माझ्या केसांच्या लांबीपासून ताटातल्या भातापर्यंत सगळं ताई ठरवायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. आईपेक्षा मला ताई जवळच्या वाटायच्या.

आमच्या ग्रुपमध्ये एक पद्धत होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वॉर्मअप झाला की मुली गोल उभ्या राहायच्या आणि ताई एकेकीला विचारायच्या, “आली?” जी ‘हो’ म्हणेल तिच्याकडे बघून त्या नुसती मान हलवायच्या. जी ‘नाही’ म्हणेल तिच्या पाठीवर थाप पडायची. पाळी सलग काही महिने आली नाही की ती मुलगी ‘सुटली’. हा आमचा शब्द होता. “स्मिता सुटली का?” “अजून नाही, पण सुटेल.” सुटलेल्या मुलींना रविवारी कात्रजच्या जुन्या घाटात पुढे धावायला मिळायचं, बाकीच्यांनी मागून यायचं. ताई म्हणायच्या, “शरीराने फालतू खर्च बंद केला. आता तू धावपटू झालीस.” स्मिता शेवटपर्यंत सुटली नाही. ती पाळी आली तरी ‘नाही’ म्हणायची आणि पॅड बुटांच्या खोक्यात लपवायची.

मी सतराव्या वर्षी सुटले. त्या दिवशी मैत्रिणींनी मला उसाचा रस पाजला. अर्धाच ग्लास, कारण पूर्ण ग्लास ताईंना चालला नसता.

देवीने केलेली सोय

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. बाबा नोकरीसाठी पुण्याला आले आणि आईने येताना महालक्ष्म्या आणल्या. पुण्यात यांना गौरी म्हणतात. आमच्याकडे ते तीन दिवस म्हणजे घरात लग्न असतं. मुखवटे, साड्या, वर टांगलेला फुलोरा, सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि सगळा स्वयंपाक सोवळ्यात. ज्या बाईची पाळी येईल ती बाद. त्यामुळे आमच्या घरातल्या बायका आधीपासून कॅलेंडरपुढे उभ्या राहून बोटं मोजतात आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. हडपसरची शोभाकाकू गोळ्यांनी गरगरायची, तरी घ्यायची.

मला गोळी लागत नव्हती. “नूतनची काही काळजी नाही,” असं आई सगळ्यांना सांगायची. पहिल्या वर्षी पुरण माझ्याकडे आलं, पुढच्या वर्षी नैवेद्याचं ताटही. बाहेरच्या खोलीत आई काकूला म्हणताना मी ऐकलं होतं, “देवीनंच सोय करून ठेवली बघ. पोरीला धावायला मोकळं अन् आपल्यालाही.” पुरण मी शिजवायचे, वाटायचे, आणि खायचे मात्र नाही, कारण ताईंनी गूळ बंद केला होता. सगळे पुरणपोळीवर तूप ओतून घेत असताना मी काकडी चावत बसायचे आणि पाहुण्यांना माझ्या मनोनिग्रहाचं भारी कौतुक वाटायचं.

असं माझं दोन्हीकडे छान चाललं होतं. मैदानावर मी तयार होते आणि घरात मी शुद्ध होते.

घाट

दिवाळीच्या सुमारास जांघेत दुखायला लागलं. आधी धावून झाल्यावर दुखायचं, मग धावताना, मग जिना चढतानाही. राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी तोंडावर होती. त्यासाठी मी आयुष्यभर धावत आले होते, पुन्हा अशी संधी मिळेल की नाही सांगता येत नव्हतं. मी ताईंना दुखण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “चाचणीला जायचंय की भजनी मंडळात?” मुली हसल्या, मीही हसले. आमच्या पुण्यात असं बोलणं मायेचं समजतात.

थंडीतला रविवार होता. जुन्या घाटात, बोगद्याच्या अलीकडच्या चढावर, आतून आवाज आला. वाळकी काडी मोडावी तसा लहानसा. मी रस्त्याच्या कडेला खाली बसले. माझ्या मागून पायल येत होती, ग्रुपमधली माझ्याहून बरीच लहान मुलगी, ती थांबली. ताई स्कूटरवरून आल्या. मी खुब्याच्या पुढच्या बाजूला हात दाबून धरला होता. ताईंनी त्या हाताकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाल्या, “त्या पायावर भार देऊ नकोस. अजिबात टेकवू नकोस.”

“काय झालं असेल, ताई?”

“स्नायू असेल.” हे बोलताना त्या दुसरीकडे बघत होत्या.

त्यांनी रिक्षा थांबवली, मला धरून बसवलं आणि पायलला सोबत दिलं. घरापर्यंत मी मनात म्हणत होते, किती जपतात ताई मला.

तो प्रश्न

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आई सोबत होती. हाडांचे डॉक्टर मध्यमवयीन, बोलायला तुटक. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, पुन्हा धरला, आणि विचारलं, “पाय टेकवला नाहीत ना काल?”

“नाही. आमच्या कोचनी सांगितलं होतं.”

“शहाणं माणूस आहे. टेकवला असतात तर हाड सरकलं असतं.” मग पेन उचलून लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, “शेवटची पाळी कधी आली?”

मी आठवायला लागले. खरंच आठवत होते, परीक्षेत उत्तर आठवावं तसं. काही सापडलं नाही. “आठवत नाही,” मी म्हटलं.

आईला वाटलं मी लाजते आहे. ती माझ्या मदतीला आली. “तिला तो त्रासच नाही, डॉक्टर. देवीच्या कृपेनं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “किती वर्षं?”

आई वर्षं मोजायला लागली, आणि तिच्याकडे मोजायचं एकच माप होतं. “पहिल्यांदा पुरण केलं तिनं, तेव्हा शोभाचं डोहाळजेवण होतं. मग पूर आला ते वर्ष. मग हिच्या बाबांचं ऑपरेशन झालं ते...” मोजता मोजता तिचा आवाज खाली खाली गेला. “आठ-नऊ महालक्ष्म्या झाल्या असतील,” ती म्हणाली, आणि माझा हात धरायला गेली. मी हात काढून घेतला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. घरात टंचाई आली की आधी वरचे खर्च बंद होतात. माझ्या शरीराला पळण्याच्या मानाने खायला मिळत नव्हतं, म्हणून त्याने पाळी बंद केली. तरी भागेना, तेव्हा हाडांतलं काढून खाल्लं. दुसऱ्या दिवशी मशीनवर हाडं मोजली, म्हणजे ती किती भरीव उरली आहेत ते पाहिलं. डॉक्टर म्हणाले, सत्तरीच्या बाईची हाडं आहेत.

खर्च हा शब्द मी पूर्वी कुठे ऐकला होता ते मला डॉक्टरांसमोर बसल्या बसल्याच आठवलं. पण मी तेव्हा असं धरून चालले की ताईंना माहीत नसणार. त्या काही डॉक्टर नाहीत. मी त्यांची बाजू घेत होते, स्वतःशीच.

आज्या

हाडात स्क्रू घातले. नंतरचे दिवस बायकांच्या वॉर्डात. तिथे माझ्याखेरीज सगळ्या आज्या. शेजारच्या कॉटवर कोथरूडच्या एक आजी होत्या, त्यांचंही तेच हाड मोडलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी चौकशी केली.

“अपघात?”

“नाही आजी. धावताना.”

“कशाच्या मागे?”

मी म्हटलं, “तुम्ही कशा पडलात?”

“पडले नाही. बसले. खुर्ची नव्हती, एवढंच.”

सकाळी सिस्टर ताप बघायच्या, मग चहा, मग बेडपॅन. बेडपॅनबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पहिल्यांदा ते घ्यायची वेळ आली तेव्हा मी पडद्याआड हमसून रडले, आणि पलीकडून आजी म्हणाल्या, “अहो, रडू नका, त्याने वेळ वाढतो.” मग वॉकर आला. कात्रजचा घाट चढणाऱ्या बाईला संडासापर्यंत जायला वॉकर आणि एक माणूस लागत होतं.

दुपारी सगळा वॉर्ड घोरत असायचा तेव्हा मला भीती वाटायची. मरणाची नाही. पाय जाड होतील याची. जेवणाच्या ताटाची. पोळीवर तूप दिसलं की मला घाम फुटायचा. डॉक्टरांनी खा म्हणून सांगितलं होतं, आईही जवळ बसून खा म्हणत होती, आणि घास तोंडाशी नेला की कानात ताईंचा आवाज यायचा. ही भीती ज्यांना माहीत आहे त्यांना मी सांगते, ती नखरा नसते आणि ती कुणाच्या रागावण्याने जात नाही.

माझी ती गाठ आजींनी सोडवली. त्यांचा मुलगा रोज साजूक तुपातला शिरा आणायचा. आजी वाटी माझ्याकडे सरकवायच्या. “घ्या. मला मधुमेह आहे, मुलगा चाळीस वर्षांचा झाला तरी त्याच्या लक्षात राहत नाही. टाकून दिला तर त्याला वाईट वाटेल.” त्यांनी मला तब्येतीसाठी खा म्हटलं नाही, त्यांची अडचण सांगितली. मी पहिला चमचा तोंडात धरून बराच वेळ बसले आणि मग गिळला. नऊ वर्षांनी गोड खाल्लं मी. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

डिंकाचे लाडू

ताई आल्या त्या डिंकाचे लाडू घेऊन. मला आधी हसूच आलं. याच बाईने एकदा माझ्या बॅगेतून चिक्की काढून सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकली होती. आई औषधं आणायला खाली गेली होती. ताईंनी दाराकडे पाहिलं, स्टूल जवळ ओढलं आणि विचारलं, “पाळीचं डॉक्टरांना कुणी सांगितलं?”

“त्यांनी विचारलं.”

“आणि तू सांगितलंस.”

मला कळेना, मी काय चुकले. “ताई, ते म्हणतात त्यामुळेच हाड मोडलं.”

“हाड मोडायला हजार कारणं असतात. माझा पाय काय पाळीमुळे गेला?” त्या उठल्या, माझ्या कपाळावर हात ठेवला. “ग्रुपचं नाव आहे, नूतन. बाहेर बोलताना विचार करून बोल.”

त्यांचं ते लंगडत जाणं मी दारापर्यंत बघत राहिले. मला ताईंची दया आली, खरंच. अपघाताने त्यांचं धावणं गेलं आणि आता मी त्यांना असा त्रास देते आहे.

आजी म्हणाल्या, “कोण होत्या?”

“माझ्या कोच.”

“अच्छा. आजाऱ्याला भेटायला आल्या आणि काळजी स्वतःची करून गेल्या. बरं, लाडू खा, लाडवांचा काय दोष.”

घरी

निवड चाचणी झाली, दुसऱ्या मुली निवडल्या गेल्या. बूट पाठवणाऱ्या कंपनीने फोन उचलणं बंद केलं. ऑफिसात लोक म्हणाले, “बरं झालं, जरा आराम मिळाला तुम्हाला.” बाबा संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, “मीच दिली होती.”

आईशी मात्र मी भांडले. दिवसचे दिवस. एका सकाळी ती कणीक मळत होती, मी वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी म्हटलं, “तुला कळलं कसं नाही?”

“तू सांगितलं काहून नाही?”

“तुला माहीत होतं, आई. तू तर मोजत होतीस.”

तिचा हात थांबला. आजूबाजूच्या बायका तिच्या वऱ्हाडी बोलण्याला अजून हसतात, तरी ती कुणाला दबत नाही, दोन उत्तरं तयार असतात. त्या दिवशी मात्र तिने परात तशीच ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला बरं वाटलं. नंतर वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं.

डॉक्टरांनी अट घातली होती. गोळीने नाही, पाळी आपणहून आली पाहिजे आणि नियमित झाली पाहिजे. मगच धावण्याचा विषय. तोवर चालायचं, खायचं, वाट बघायची. म्हणजे जी गोष्ट नाही म्हणून पाठीवर थाप पडत होती, तिच्यावर आता माझं सगळं धावणं येऊन अडलं होतं. ती आली तर मी पुन्हा रस्त्यावर, नाही आली तर कायमची खुर्चीत.

मी खाल्लं. तीळ, नाचणी, अंडी, भात. माझ्या मांड्या भरल्या, जुन्या पँट चढेनात, त्यासाठी मी रडले. आई रोज सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले की माझ्या तोंडाकडे पाहायची. मी ‘नाही’ म्हणून मान हलवायचे. ती देवापुढे दिवा लावायला जायची, आणि मला माहीत होतं ती तिथे काय मागते. ज्या देवीचे तिने पाळी गेल्याबद्दल आभार मानले होते तिच्याकडेच ती आता पाळी मागत होती.

एक महालक्ष्मी अशीच गेली. मी सोफ्यावर बसून होते, पुरण काकूने केलं, घट्ट झालं.

मशीनच्या दारात

वर्षाने पुन्हा हाडं मोजायची होती. हाडं मोजायचं मशीन पुण्यात काही गल्लोगल्ली नाही. मी बाकावर नंबरची वाट बघत होते. आतला माणूस दार उघडून बाहेर आला आणि माझ्या पलीकडे बघून ओळखीचं हसला.

“या, सुनंदाताई. यंदा उशीर केलात. स्क्रू उजव्या खुब्यात ना? मग नेहमीसारखा डावाच घेऊ.”

मी वळून पाहिलं. ताई उठत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पुन्हा खाली बसल्या.

तेवढ्यात मला घाट आठवला. त्यांचा उडालेला रंग, हळू झालेला आवाज, ‘अजिबात टेकवू नकोस’. स्कूटरच्या अपघातात खुबा मोडलेली माणसं दरवर्षी हाडं मोजायला येत नाहीत, एवढं आता मलाही समजत होतं.

“कर्वे रस्ता?” मी विचारलं.

आतला माणूस अवघडून निघून गेला.

“तुम्हाला माहीत होतं, ताई.”

“मला कुणी सांगितलं होतं का?” त्या एकदम म्हणाल्या. “माझ्या सरांनी मला तेच शिकवलं. मीही अशीच पडले. सरावात, सगळ्यांसमोर.”

“पण नंतर तर कळलं ना तुम्हाला. मी सुटले तेव्हा माहीत होतं. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत.”

“तू जिंकलीस की नाही?”

मी जिंकले होते. त्याचाच मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

ताईंनी पदर सारखा केला. मग त्यांचा आवाज बदलला, पूर्वी शर्यतीच्या सकाळी माझी वेणी घालताना असायचा तसा झाला. “मुलींना सांगशील तर काय सांगशील? माझी परत आलीच नाही, नूतन. आणि तुझी?”

“अजून नाही.”

“मग. नुसतं घाबरवून काय मिळणार आहे त्यांना?”

त्या आत गेल्या. मी त्यांच्यासाठी एकेक थेंब घाम गाळला होता, त्या माझ्या आईहून जवळच्या होत्या, आणि मी मोडणार हे माहीत असून त्यांनी मला पुढे धाडलं. मला त्या दारावर लाथ मारावीशी वाटली. मारली नाही, कारण पाय वाचवायचा होता. बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहून मी मोठ्याने रडले. एक रिक्षावाला थांबला आणि माझ्याकडे बघून न विचारताच पुढे गेला.

ग्रुपच्या मुलींना मी काही कळवलं नाही. ताईंचा तो प्रश्न सारखा आठवायचा. बंद पडलेलं परत येतं हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? घाटात आता पायल पुढे धावते असं कानावर आलं.

पुरण

पुन्हा महालक्ष्म्या आल्या. आधीच्या आठवड्यात आई माझ्याजवळ येऊन बसली, साडीच्या काठाशी चाळा करत म्हणाली, “यंदा पुरण तूच कर. शोभाच्यानं होत नाही, तिचं घट्ट होते.”

मला समजायला क्षणभर लागला. दीड वर्ष ही बाई माझ्या पाळीसाठी दिवा लावत होती, आणि सणाचा हिशेब मात्र ती येणार नाही असाच धरून बसली होती. तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं. मी हो म्हटलं. चिडून म्हटलं.

जेवणाच्या दिवशी पाहुण्यांनी बाहेरची खोली भरली. मी सोवळ्यात, कढईपाशी. पुरण आटत आलं होतं, उलथनं उभं राहायला लागलं होतं. ओटीपोटात कळ आली. मला वाटलं स्क्रू दुखतो. पुन्हा आली. ही कळ मला ओळखीची वाटली, पण कुठली ते सांगता येईना. गॅस बारीक करून मी बाथरूममध्ये गेले.

मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. हसत होते बहुतेक.

स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मी उंबऱ्याबाहेरच थांबले. आई नैवेद्याचं ताट वाढत होती, काकू फुलोऱ्याच्या करंज्या मोजत होती.

“आई, मला पाळी आली.”

काकू म्हणाली, “अगं बाई. आणि पुरणाला हात लावला ना?”

आईने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काय आलं ते मी पाहिलं. पुरण आलं. कढईकडे गेलेली तिची नजर मी पाहिली आणि ती मी विसरणार नाही. मग तिला समजलं. ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“वहिनी,” काकू म्हणाली, “आता दुसरं पुरण? डाळ तरी आहे का?”

“हेच लागेल,” आई म्हणाली.

“अहो, सोवळं...”

“देवीला काय सांगायचं ते मी सांगते.” तिने पुरणाचा गोळा ताटात ठेवला. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे वळली. “तू मात्र गॅलरीत बस, माय. पाहुणे आहेत.”

पुरण आत गेलं आणि मी बाहेर. एवढंच तिला जमलं. मी गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मला राग आला होता आणि मी इतकी खूश होते की तो राग कुठे ठेवू कळत नव्हतं. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं, आईने पुरणपोळीची ताटली बाहेर सरकवली, नैवेद्य दाखवायच्या आधीच. शिवायचं नसताना माझ्या खुब्यावर हात ठेवला आणि लगेच गेली.

मी पोळी खाल्ली, तुपाची बोटं पुसली आणि फोन घेतला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी अजून होते, कुणी काढायचं लक्षात ठेवलं नव्हतं. मी लिहिलं, “मुलींनो, माझी पाळी आज परत आली. परत येते. जिची बंद आहे तिने मला फोन करा. ताईंनाही त्यांच्या पायाचं विचारा.”

खाली लगेच ओळ उमटली, ताईंनी मला ग्रुपमधून काढलं होतं. इतक्या वर्षांचं नातं, काढायला एक बोट पुरलं. मी त्या ओळीकडे बघत असतानाच फोन वाजला. पायल.

“दीदी,” ती म्हणाली, आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. धापेचा नव्हता, रडू दाबल्याचा होता. “दीदी, माझ्या जांघेत दुखतं. ताई म्हणाल्या, स्नायू असेल.”

“पायल, शेवटची पाळी कधी आली?”

आत आरती सुरू झाली होती, टाळांमुळे काही ऐकू येईना, म्हणून मी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

“आठवत नाही, दीदी.”